फवारणी पंपाची नळी गळते तेव्हा

पोळा तोंडावर आला की बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या कपाशीच्या पट्ट्यात फवारणीला जोर चढतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, खामगाव, कुठल्याही तालुक्यात सकाळी वावरात डोकावले तर चित्र सारखेच असते. धुऱ्यावर पाण्याचा ड्रम, शेजारी औषधाच्या बाटल्या आणि पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन पऱ्हाटीच्या ओळीतून चालणारा मजूर. जवळ जाऊन पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्याच्या सदऱ्याची पाठ कमरेपर्यंत ओली असते. विचारले तर तो सांगतो, "घाम आहे." काही घाम असतोही. पण बऱ्याचदा त्यात पंपाच्या नळीतून झिरपलेले औषधही असते.

फवारणीतून विषबाधा म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर नाकातोंडात जाणारा फवारा येतो. म्हणून तोंडाला रुमाल बांधला की काम झाले, असे समजले जाते. प्रत्यक्षात शेतात फवारणी करणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा बहुतेक वेळा कातडीतून जातो. आणि कातडीवर विष पडण्याच्या वाटांपैकी एक अगदी साधी आहे: पंप आणि नळी, नळी आणि ट्रिगर, ट्रिगर आणि दांडी, दांडी आणि नोझल यांचे सैल झालेले जोड.

थेंबाचा हिशेब

एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब बसतात. एखाद्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाभरात ३,६०० थेंब, म्हणजे सुमारे १८० मिलिलिटर द्रावण बाहेर पडते. सहा तासांच्या कामात ते एक लिटरच्या वर जाते. पंपाच्या तळाशी असलेला जोड गळत असेल तर हे सगळे फवारणाऱ्याच्या कमरेवरून खाली उतरते. कापड ते शोषून घेते आणि ओल्या पट्टीसारखे दिवसभर अंगाला चिकटवून ठेवते.

हे द्रावण पाण्यात मिसळलेले, पातळ असते हे खरे. पण ते कातडीवर किती वेळ राहते आणि शरीराच्या कोणत्या भागावर राहते, यावर बरेच काही अवलंबून असते. १९७१ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराथिऑन या ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकाचा माणसांवर अभ्यास केला. अत्यंत कमी मात्रेतले औषध शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून ते किती शोषले जाते, हे त्यांनी मोजले. कोपराखालच्या हातावर लावलेल्यापैकी सुमारे ९ टक्के औषध शरीरात गेले. पोटावर हे प्रमाण १८ टक्के, डोक्याच्या त्वचेवर ३२, कपाळावर ३६ आणि काखेत ६४ टक्के निघाले. वृषणकोशाच्या नाजूक त्वचेतून तर जवळजवळ सगळेच आत गेले.

आता गळणाऱ्या पंपाकडे पाहावे. पाठीवरून ओघळलेले औषध कमरेशी थांबत नाही. ते चड्डीत आणि जांघेत, म्हणजे शरीराच्या सर्वांत जास्त शोषून घेणाऱ्या भागात उतरते. ट्रिगरच्या जोडातून गळणारे औषध, दांडी खाली असेल तर जमिनीवर पडते. पण दांडी डोक्याच्या वर उचलली की तेच औषध मनगटावरून कोपराकडे आणि तिथून थेट काखेत जाते. शहरांत उंच इमारतींच्या काचा धुणारे कामगार लांब दांडीला पाण्याची नळी जोडून काम करतात. त्यांच्या नळीचा जोड सैल असला तर बाही ओली होते, एवढेच. पऱ्हाटीत त्याच ओल्या बाहीची किंमत फार वेगळी असते.

२०१७ ची आठवण

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीमुळे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. शेजारच्या जिल्ह्यांतही विषबाधेचे रुग्ण आढळले. त्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर आणि वापरावर दोन महिन्यांची बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण आणि फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण अशी ती पाच होती.

त्या वर्षी नेमके काय बिघडले, याची बरीच चर्चा झाली. बोंडअळीचा जोर होता, अनेक औषधे एकत्र मिसळून मारली जात होती, उकाडा होता, अंगावर संरक्षक कपडे नव्हते आणि जास्त दाबाचे पंप वापरात आले होते. आणखी एक कारण पुढे आले. पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच, माणसाच्या डोक्याइतकी झाली होती. त्यामुळे दांडी वर धरून फवारावे लागत होते. दांडी वर गेली की फवारा तोंडावर येतो आणि जोडातली गळती काखेत येते. जास्त दाबाच्या पंपात तर सैल जोडातून थेंबाऐवजी चिळकांडी उडते.

नळी का गळते?

हाताने चालवायच्या पंपात साधारण दर चौरस सेंटिमीटरला दोन ते तीन किलो दाब असतो, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेइतका. इंजिनाच्या पंपात तो याच्या कितीतरी पट जास्त असू शकतो. हा दाब अडवण्याचे काम जोडातला वायसर, ओ-रिंग आणि नळीवरची क्लिप करतात. नटाच्या आट्या फक्त या वस्तूंना जागेवर दाबून धरतात. म्हणून वायसर झिजला असेल तर नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही. पकडीने जोर लावला तर प्लॅस्टिकच्या आट्या मात्र तडकतात.

रबर खराब होण्याचे कारण औषधातच असते. बाटलीवर "ईसी" लिहिलेल्या औषधांत विषाबरोबर तेलकट द्रावके असतात. त्यांनी साधे रबर फुगते, मऊ पडते आणि नंतर चिरते. त्यामुळे सायकलच्या ट्यूबची कापलेली पट्टी, सुतळी किंवा तार गुंडाळून केलेली दुरुस्ती पहिल्या एक-दोन पंपांना टिकते आणि मग गळू लागते. औषधाला टिकणारा, नायट्राइल रबराचा मूळ मापाचा वायसर कृषी केंद्रात किंवा पंप दुरुस्तीच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो.

जोड कसा बसवावा?

नळीचे टोक चिरलेले किंवा कडक झालेले असेल तर तेवढा भाग धारदार पात्याने सरळ कापून टाकावा. तिरपे कापलेले टोक नीट बसत नाही. नट आधी नळीवर सरकवून घ्यावा. नळी बसवल्यावर तो राहून गेल्याचे लक्षात येते आणि सगळे पुन्हा काढावे लागते. नळीचे टोक मिनिटभर गरम पाण्यात धरले की मऊ होते आणि खाचांच्या तोंडावर शेवटपर्यंत सरकते. क्लिप अगदी टोकाला न लावता खाचांच्या वरच्या भागावर बसवून पेचकसाने आवळावी. वायसर सपाट बसला आहे आणि त्याखाली माती किंवा जुन्या रबराचा तुकडा नाही, हे पाहून नट हाताने घट्ट करावा. ज्या जोडात वायसर आहे तिथे पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळून फायदा नाही. ती वायसर नसलेल्या आट्यांच्या जोडासाठी असते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी आहे. औषध घालण्याआधी पंपात अर्धी टाकी साधे पाणी भरावे. पंप जमिनीवर ठेवून पूर्ण दाब द्यावा आणि ट्रिगर बंद ठेवून पाच मिनिटे थांबावे. प्रत्येक जोडाभोवती जुन्या वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा गुंडाळला की बारीक झिरपही लगेच कळते. मग पंप पुढे-मागे कलवून पाहावा, कारण माणूस वाकतो तेव्हा झाकणातूनही पाणी मानेवर येते. दांडी डोक्याच्या वर उचलून ट्रिगर दोन-तीनदा सुरू-बंद करावा. बंद केल्यावर नोझल आणि मूठ दोन्ही कोरडी राहायला हवीत. कागद ओला झाला तर तो जोड पुन्हा बसवावा. या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात आणि औषधाचा एक थेंबही खर्च होत नाही.

काम चालू असताना गळती लागली तर कोणताही नट उघडण्याआधी पंप बंद करून, ट्रिगर दाबून आतला दाब पूर्ण उतरवावा. दाब असताना जोड उघडला तर औषध थेट डोळ्यांत उडते. नोझल चोंदले म्हणून तोंडाने फुंकर मारू नये आणि ओढूनही पाहू नये. टाचणीने टोचल्यास छिद्र मोठे होते; जुन्या दातब्रशने पाण्यात साफ करावे. औषधाच्या खोक्यात एक वायसर, एक क्लिप, एक नोझल आणि पेचकस ठेवला, तर अर्ध्या कामात दुरुस्तीसाठी सुतळी शोधावी लागत नाही.

ड्रम भरतानाची नळी

नळीचा आणखी एक धोका घरादारापर्यंत पोहोचतो. विहिरीवरची मोटर लावून ड्रम भरताना नळीचे तोंड बरेच जण औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. वीज गेली की मोटर थांबते आणि पाइपातले पाणी विहिरीकडे परत उतरू लागते. नळीचे टोक बुडालेले असेल, तर ते ड्रममधले औषध आपल्यामागे ओढून नेते. त्याच विहिरीचे पाणी माणसे आणि जनावरे पितात. उपाय सोपा आहे. आधी ड्रममध्ये पाणी भरावे, नळी बाजूला काढावी आणि मगच औषध मिसळावे. भरताना नळीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या वीतभर वर राहील असे बांधावे. मोटरला पाणी परत न सोडणारा व्हॉल्व्ह असला तरी हे अंतर ठेवावेच, कारण व्हॉल्व्हमध्येही कचरा अडकतो.

अंगावर काय असावे?

तोंडावरचा मास्क आणि चष्मा आवश्यक आहेतच. पण गळणाऱ्या पंपाखाली त्यांचा काही उपयोग नसतो. पाठीवर पंप घेताना पाठ आणि कंबर झाकेल असे जाड प्लॅस्टिक आत घ्यावे. हातमोजे नायट्राइल रबराचे असावेत. सुती मोजे औषध शोषून हाताला चिकटवतात. दांडी वर धरून फवारायचे असेल तर बाही मोज्याच्या आत खोचावी आणि मोज्याची कड बाहेर दुमडावी, म्हणजे ओघळ तिथे अडतो. पाठ ओली झाली तर संध्याकाळची वाट पाहू नये. काम थांबवून कपडे बदलावेत आणि साबणाने अंग धुवावे. त्यासाठी धुऱ्यावर साध्या पाण्याची कॅन, साबण आणि कपड्यांचा एक जोड ठेवावा. उकाड्यात कातडीकडे रक्तपुरवठा वाढतो आणि घामाने ती ओली असते, त्यामुळे औषध अधिक वेगाने शोषले जाते. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते धुणाऱ्या बाईच्या हातालाही तेच औषध लागते.

लक्षणे ओळखा

ऑर्गनोफॉस्फरस गटातली औषधे शरीरातले कोलिनएस्टरेज नावाचे विकर बंद पाडतात. नसांकडून स्नायूंना आणि ग्रंथींना आलेला संदेश वेळेवर थांबवणे, हे या विकराचे काम. ते बंद पडले की संदेश चालूच राहतो. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंधुक दिसते, लाळ आणि घाम सुटतो, मळमळते, उलटी-जुलाब होतात, छातीत घरघर लागते आणि अंगाचे स्नायू आपोआप फडफडतात. नंतर शुद्ध हरपते आणि श्वास थांबू शकतो.

कातडीतून गेलेल्या विषाची लक्षणे काही तासांनी, कधी रात्री घरी आल्यावर दिसतात. तोवर त्याचा फवारणीशी संबंध कोणी जोडत नाही. ऊन लागले असेल, पित्त झाले असेल, असे म्हणून गोळी घेतली जाते आणि मोलाचा वेळ जातो. फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी यातले काहीही जाणवले, तर तो विषबाधेचा रुग्ण समजावा.

अशा माणसाला वावरातून बाहेर हवेशीर जागी आणावे. मदत करणाऱ्याने हातात मोजे घालावेत, मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. ओले कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत, कानामागे, काखेत, जांघेत आणि नखांत साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे पाण्याची धार सोडावी. दूध, तूप, मिठाचे पाणी असे काही पाजू नये. गुंगीत असलेल्या माणसाच्या फुप्फुसात ते जाऊ शकते. डाव्या कुशीवर झोपवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल सोबत न्यावे.

लेबल नेण्याला मोठे कारण आहे. ऑर्गनोफॉस्फरस विषावर ॲट्रोपिन हे इंजेक्शन आहे. छातीतली घरघर कमी होऊन नाडी सुधारेपर्यंत ते थोड्या थोड्या वेळाने वाढवत द्यावे लागते. सोबत ऑक्सिजन आणि गरजेप्रमाणे प्रॅलिडॉक्सिम दिले जाते. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, डायफेन्थियुरॉन यांवर असा थेट उतारा नाही, तिथे लक्षणांवर उपचार करावे लागतात. दोन-तीन औषधे एकत्र मारली असतील तर सगळ्यांची नावे सांगावीत. रुग्ण पहिल्या दिवशी सुधारला तरी लगेच घरी नेऊ नये. ऑर्गनोफॉस्फरस विषबाधेत साधारण एक ते चार दिवसांत मान उचलता न येणे आणि श्वासाचे स्नायू दुबळे होणे, असा दुसरा टप्पा काही रुग्णांत येतो. त्या वेळी कृत्रिम श्वासाची सोय जवळ असावी लागते.

पंप कोणाचा, पाठ कोणाची?

पंप बहुतेक वेळा शेतमालकाचा असतो आणि पाठ रोजंदार मजुराची. गळका पंप मिळाला तरी मजूर बोलत नाही, कारण उद्याचे काम जाण्याची भीती असते. दिवसात अमुक इतके पंप मारायचे, या हिशेबाने पैसे मिळतात, तेव्हा दुरुस्तीसाठी थांबलेली पंधरा मिनिटे त्याच्याच खिशातून जातात. कीटकनाशके फवारताना शेतकऱ्याचा मृत्यू झाला, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपयांची मदत मिळू शकते. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका सदस्यासाठी आहे. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो मजूर तिच्यात बसत नाही. म्हणजे सर्वांत जास्त वेळ पंप वाहणारी पाठ सर्वांत कमी सुरक्षित राहते.

त्यामुळे पंप तपासण्याची जबाबदारी मालकाने घ्यायला हवी आणि त्या वेळेचा रोजही धरायला हवा. गळका पंप पाठीवर घेणार नाही, हे म्हणण्याचा मजुराचा हक्क गावाने मानायला हवा. कृषी विज्ञान केंद्रांत आणि कृषी विभागाच्या शिबिरांत औषधांच्या मात्रेबरोबर नळी बसवण्याचे आणि साध्या पाण्याने गळती तपासण्याचे प्रात्यक्षिक झाले, तर त्याचा परिणाम दवाखान्याच्या नोंदवहीत दिसेल.

विदर्भात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकले जातात. नेमके याच दिवसांत फवारणी ऐन भरात येते. त्या संध्याकाळी गोठ्यातले काम आटोपल्यावर घरातला फवारणी पंप अंगणात काढावा, सगळे वायसर बदलावेत, साधे पाणी भरून दाब द्यावा आणि जोडांवर कोरडा कागद लावून पाहावा. कागद कोरडा राहिला, तरच दुसऱ्या दिवसापासून तो पंप कुणाच्या पाठीवर चढवावा.